कळतं, पण वळत नाही : शील आणि मनाचा मेळ यांविषयी ग्रीक विचार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि त्यांच्यानंतरचे स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ वाचताना मराठी वाचकाला काही प्रश्न हमखास पडतात. त्यांतले बरेचसे मलाही पडले होते, आणि काहींनी मला वर्षानुवर्षं सोडलं नाही. ते प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

'शील' म्हणजे इथे काय? सरळ 'चारित्र्य' का म्हणत नाही?

कारण मराठीत 'चारित्र्य' फार आक्रसलं आहे. कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले असं ऐकलं की मन एकाच दिशेला धावतं, आणि बहुतेक वेळा ते शिंतोडे बाईवरच उडालेले असतात. ग्रीकांचा 'एथॉस' याहून कितीतरी ऐसपैस आहे. भीती वाटली की माणूस काय करतो, हातात पैसा खुळखुळला की कसा वागतो, राग कुणावर काढतो आणि किती दिवस धरून ठेवतो, मित्राचं भलं झालं तर त्याच्या पोटात दुखतं का, ही सगळी मिळून त्याची घडण. तिला मी शील म्हणते.

दुसरा शब्द 'अरेते'. आपण त्याचं भाषांतर 'सद्गुण' करतो, पण मुळात तो उत्तमपणा आहे. सुरीची अरेते नीट कापण्यात, घोड्याची धावण्यात, डोळ्याची पाहण्यात. मग माणसाची कशात? ग्रीक नीतिविचार या एका प्रश्नाभोवती फिरतो.

इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'कॅरेक्टर' हा शब्दही ग्रीकच. मूळ क्रियापदाचा अर्थ कोरणे, आणि त्यावरून नाण्यावर उमटवलेला ठसा. ॲरिस्टॉटलनंतर त्याची शाळा चालवणाऱ्या थिओफ्रास्टसने खुशामत्या, बढाईखोर, चिक्कू अशी तीस स्वभावचित्रं लिहून ठेवली आहेत. ती वाचताना दर दुसऱ्या पानावर ओळखीचं माणूस भेटतं.

आणि 'मेळ' म्हणजे मनःशांती का?

नाही. शांती हा त्याचा एक परिणाम असू शकेल. 'हार्मोनिया' हा शब्द आधी सुतारकामाचा आहे. होमरच्या काव्यात ओडिसियस बेटावरून सुटण्यासाठी तराफा बांधतो, तेव्हा लाकडांच्या सांध्यांसाठी हा शब्द येतो. पुढे तो वाद्याच्या तारा लावण्यासाठी रूढ झाला. पायथागोरसच्या परंपरेने तारेच्या लांबीत साधी गुणोत्तरं सापडवली होती : तार निम्मी केली की वरचा सा, दोन तृतीयांश ठेवली की पंचम, तीन चतुर्थांश ठेवली की मध्यम. ग्रीकांचं गाणं एका वेळी अनेक सूर रचून उभं करण्याचं नव्हतं, त्यामुळे हार्मोनिया म्हणताना त्यांच्या मनात तारा एकमेकींशी जुळवणं असायचं. तंबोरा लावताना बसलेलं कुणी पाहिलं असेल तर ही कल्पना आपल्याला पाश्चात्त्यांपेक्षा लवकर कळते. (आपल्या भजनातल्या हार्मोनियमचं नावही याच शब्दावरून आलं आहे.)

एफेससचा तत्त्वज्ञ हेराक्लिटस धनुष्य आणि लायर हे तंतुवाद्य, या दोहोंच्या मेळाविषयी बोलतो. दोन्हीकडे तार ताणलेली असते. ताण ढिला सोडला तर बाणही सुटत नाही आणि सूरही. म्हणून या विषयात 'मेळ' हा शब्द आला की गादीवर लोळणारी स्वस्थता डोळ्यांसमोर आणू नये.

'जाणूनबुजून कुणीच वाईट वागत नाही' असं सॉक्रेटिस म्हणतो. हे कसं पटावं?

मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. गोड खाऊ नये हे कळत असतं आणि हात डब्यात जातो. मराठीत याला अचूक वाक्य आहे : कळतं, पण वळत नाही.

सॉक्रेटिस हे वाक्यच नाकारतो. त्याच्या मते वळत नसेल तर कळलेलंच नाही. लोकांना वाटतं की ज्ञान म्हणजे एखादा गुलाम आहे, राग आला की राग त्याला फरफटत नेतो, हाव सुटली की हाव. 'प्रोटॅगोरस' या संवादात तो या समजुतीला हरकत घेतो. खरं ज्ञान असं फरफटत जात नाही. जे फरफटत गेलं ते मत होतं, ऐकीव होतं. आगीत हात घातला तर भाजतो हे ज्याला कळलंय त्याला निग्रह करावा लागत नाही.

इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. पळून जायची सोय मित्रांनी केली होती, तरी तो गेला नाही आणि विषाचा पेला प्याला. निदान या एका माणसाच्या बाबतीत कळणं आणि वळणं यांत फट नव्हती. पण बाकीच्यांचं काय? त्याचा शिष्य प्लेटो आणि प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल, दोघांनीही आयुष्याचा मोठा भाग या फटीपाशी घालवला, असं मला वाटतं.

प्लेटोने मनाचे तीन भाग कशासाठी केले?

या फटीसाठीच. 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात तो विचारतो : माणसाला तहान लागली आहे आणि तरीही तो पाणी पीत नाही, असं होतं ना? एकच गोष्ट एकाच वेळी, एकाच अंगाने, दोन विरुद्ध दिशांना जाऊ शकत नाही. म्हणजे पाण्याकडे ओढणारं एक आहे आणि मागे खेचणारं दुसरं. ओढणारी ती वासना, खेचणारी ती बुद्धी.

इथवर दोनच भाग झाले. तिसऱ्यासाठी तो एक प्रसंग सांगतो. लिओन्टियस नावाचा एक माणूस पिरेयस बंदराकडून अथेन्सला चालला आहे. तटाच्या बाहेरच्या अंगाला जल्लादाजवळ प्रेतं पडलेली त्याला दिसतात. बघावंसं वाटतं, किळसही येते. तो स्वतःशी झगडतो, तोंड झाकून घेतो. शेवटी राहवत नाही. तो डोळे फाडून प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांवर ओरडतो : घ्या, मेल्यांनो, पोटभर बघून घ्या हे सुंदर दृश्य!

महामार्गावर अपघात झाला की पलीकडच्या बाजूची वाहनंही हळू होतात. मदत करायला कुणी उतरत नाही, नुसती मान वळते. लिओन्टियस तिथे प्रत्येक गाडीत बसलेला असतो. फरक इतकाच की त्याला स्वतःचा राग आला.

तो राग कुठून आला? वासनेतून नाही, तिला तर बघायचंच होतं. थंड हिशेब करणाऱ्या बुद्धीचाही तो आवाज नाही. प्लेटो म्हणतो, हा तिसरा भाग, 'थुमॉस'. मराठीत याला एक शब्द मिळत नाही. बाणा, रग, तेज, मानीपणा यांचं ते मिश्रण आहे. अन्याय झाला की जो पेटतो, आणि आपण स्वतः घसरलो की ज्याला लाज वाटते, तो हा भाग. नीट वाढवला तर तो बुद्धीच्या बाजूने उभा राहतो.

म्हणजे बुद्धीने वासनांच्या मानेवर पाय ठेवायचा?

असं वाचणारे पुष्कळ आहेत, आणि प्लेटोच्या काही वाक्यांमुळे तसं वाटतंही. पण चौथ्या भागाच्या शेवटाकडे तो जे चित्र काढतो ते तंतुवाद्याचं आहे. माणसाने स्वतःमधले तीन भाग असे जुळवावेत जसे सप्तकातले खालचा, वरचा आणि मधला असे तीन सूर जुळवतात, आणि अनेकांचा मिळून एक व्हावं. तंबोऱ्याची एखादी तार बेसूर लागली तर आपण ती तोडून टाकत नाही, खुंटी पिळतो. भूक, तहान, कामवासना यांना प्लेटोच्या मनोराज्यात जागा आहे, फक्त सिंहासन नाही. आणि कुणी राज्य करायचं यावर तिघांचंही एकमत असणं, याला तो संयम म्हणतो. वासनेचीही त्याला संमती हवी आहे. हे बारकाईने वाचलं नाही तर प्लेटो उगाच कोरडा वाटतो.

नवव्या भागात आणखी एक चित्र येतं. माणसाच्या कातडीत अनेक तोंडांचा एक प्राणी, एक सिंह आणि एक छोटा माणूस. आपण रोज कुणाला खाऊ घालतो एवढाच प्रश्न.

'न्याय' ही तर कोर्टाची गोष्ट. प्लेटो तिला मनाच्या आत का नेतो?

कारण त्याच्यासमोर एक अवघड आव्हान ठेवलेलं आहे. 'रिपब्लिक'मधलं एक पात्र ग्लाउकोन विचारतो : लिडियातल्या एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडली. त्याने राणीला वश केलं, राजाला मारलं, राज्य घेतलं. अशी अंगठी सज्जन माणसाला दिली तर तो किती दिवस सज्जन राहील? पकडले जाण्याची भीती काढून घेतली तर चांगलं वागण्याचं कारण काय उरतं?

कोर्ट, पोलीस, लोकनिंदा, यांपैकी कशाचाही आधार प्लेटोला आता घेता येत नाही. म्हणून तो म्हणतो, अन्याय ही आतली यादवी आहे. शरीरात जसं आरोग्य, तसा मनात न्याय. अंगठीने तुम्ही जगाला दिसेनासे व्हाल, स्वतःला नाही. आठव्या-नवव्या भागांत जुलमी सत्ताधीशाचं जे वर्णन आहे ते मला सगळ्या ग्रंथातलं सर्वांत भेदक वाटतं. बाहेरून तो हवं ते मिळवू शकतो, आणि आत एकाच वासनेचा गुलाम असतो. त्याला मित्र असा कुणी नसतोच.

हे उत्तर पुरेसं आहे का, यावर आजही वाद आहे. आत मेळ असलेला माणूस दुसऱ्याची चोरी करणारच नाही, हे प्लेटोने सिद्ध केलं की गृहीत धरलं? मला वाटतं, बरंचसं गृहीत धरलं.

रथ आणि घोड्यांचं रूपक कठोपनिषदात आहे. मग प्लेटोने ते इथूनच घेतलं ना?

तसा दुवा दाखवणारा पुरावा नाही. शिवाय दोन्ही रथ शेजारी उभे केले तर त्यांची बांधणी वेगळी दिसते. कठोपनिषदात आत्मा रथात बसलेला स्वामी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये वेगळा स्वामी नाही. सारथी आणि दोन घोडे मिळूनच जीव होतो. त्याचे घोडे इंद्रियं नाहीत. एक शुभ्र, मानाची चाड असलेला, शब्दाने चालणारा. दुसरा काळा, बहिरा, चाबकालाही जेमतेम जुमानणारा.

यातला पहिला घोडा आपल्याला विचार करायला लावतो. षड्रिपूंची यादी पाठ झालेल्या आपल्या मनाला क्रोध म्हणजे शत्रूच. प्लेटो मात्र त्याच्या जवळची एक शक्ती उचलून सारथ्याची साथीदार करतो.

(जाता जाता : मराठीतला 'अफलातून' हा शब्द म्हणजे प्लेटोच. त्याच्या नावाचं अरबी रूप, फारसीमार्गे आपल्याकडे आलेलं.)

'स्वभावाला औषध नाही' असं आपण म्हणतो. ॲरिस्टॉटल काय म्हणेल?

तो मुळापासून असहमत होईल, आणि त्याचं कारण एका अक्षरात सांगेल. ग्रीकमध्ये 'शील' आणि 'सवय' हे शब्द जवळजवळ सारखे आहेत, पहिला स्वर तेवढा एकात लांब, एकात आखूड. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच तो हे दाखवतो. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही, कारण खाली पडणं हा त्याचा निसर्ग. शील तसं नाही. निसर्ग आपल्याला फक्त क्षमता देतो. ती पुरी होते सवयीने. घरं बांधून गवंडी होतो, लायर वाजवून वादक होतो, तसं धीराची कामं करून माणूस धीट होतो.

इथे मराठी वाचकाचं एक भाग्य आहे. आपण म्हणतो, मुलाला वळण लावलं. अक्षरालाही वळण असतं. सवय झाली की ती अंगवळणी पडते. आणि जे होत नाही त्याला आपण 'वळत नाही' म्हणतो. सवय, घडण आणि दिशा बदलणं या तिन्ही गोष्टी एकाच धातूत बसल्या आहेत. प्लेटोही 'रिपब्लिक'च्या सातव्या भागात शिक्षणाला हेच म्हणतो : आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालणं नव्हे, सगळा जीवच अंधाराकडून उजेडाकडे वळवणं. 'कळतं पण वळत नाही' या वाक्यात दोघांचाही विषय आला.

एक आक्षेप ॲरिस्टॉटल स्वतःच घेतो. न्यायाची कामं करून न्यायी व्हायचं, तर न्यायी नसताना ती कामं जमतात कशी? त्याचं उत्तर अक्षर शिकण्याचं आहे. दुसऱ्याने हात धरला तर लहान मूलही शब्द बरोबर लिहितं. त्यावरून त्याला लिहिता येतं असं होत नाही. 'प्रोटॅगोरस'मध्ये तर पंतोजी मुलांना पुसट रेघा काढून देतात आणि मुलं त्या गिरवतात असा उल्लेखच आहे. शील आलं असं केव्हा म्हणायचं? माणूस जाणून करतो, ते काम चांगलं आहे म्हणूनच निवडून करतो आणि पक्क्या, न डळमळणाऱ्या वृत्तीतून करतो, तेव्हा. तोवर गिरवणं चालू.

सुवर्णमध्य म्हणजे सगळं थोडं थोडं करावं, असंच ना?

नाही. 'सुवर्ण' हे विशेषणही त्याचं नाही, ते रोमन कवी होरेसच्या ओळीतून आलं. ॲरिस्टॉटल मध्य म्हणतो तो आपल्या परिस्थितीतला मध्य, अंकगणितातला नव्हे. दहा माप अन्न जास्त आणि दोन कमी, म्हणून पैलवानाचा वस्ताद प्रत्येकाला सहा माप देत नाही. मिलोसारख्या मल्लाला सहा कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. रागाचंही तसंच. राग यावा, पण योग्य माणसावर, योग्य प्रमाणात, योग्य वेळी. चोरी, खून, व्यभिचार यांना तर मध्यच नाही.

स्वतःला आवरणारा माणूस आणि शीलवान माणूस यांत फरक काय?

माझ्या मते ॲरिस्टॉटलचं सगळ्यात मोलाचं निरीक्षण इथे आहे, आणि आपल्या संस्कारांना ते थोडं टोचतं. मोह जितका मोठा आणि निग्रह जितका कठोर, तितका माणूस थोर, असं आपण शिकलेलो असतो. ॲरिस्टॉटलच्या मते दात-ओठ खाऊन बरोबर वागणारा माणूस चांगला खराच, पण तो अजून पोचलेला नाही. खऱ्या संयमी माणसाला ती झटापट करावी लागत नाही. त्याला जे करायला हवं तेच करावंसं वाटतं. एखाद्याचं शील ओळखायचं तर काम करताना त्याला आनंद होतो की त्रास, ते पाहा, असं तो सांगतो.

या दोघांच्या खाली तो, ज्याला कळतं पण वळत नाही. त्याच्यासाठी ॲरिस्टॉटलची उपमा एका नगराची आहे : सगळे ठराव योग्य केलेले, कायदे उत्तम, पण वापरात एकही नाही. आणि सगळ्यात खाली वाईटालाच चांगलं मानणारा. त्याला आत काहीच टोचत नाही, म्हणून तो सुधारायलाही सर्वांत कठीण.

कळूनही न वळणाऱ्याचं 'कळणं' कसलं असतं? दारूच्या नशेत एम्पेडोक्लीस या कवी-तत्त्वज्ञाच्या ओळी म्हणणाऱ्यासारखं. शब्द बरोबर, पण ते त्याच्यात रुजलेले नाहीत. नवा विद्यार्थीही वाक्यं धडाधड म्हणतो. ती अंगात भिनायला वेळ लागतो. म्हणजे सॉक्रेटिस अगदीच चुकला नव्हता. वळत नाही तिथे कळणं अर्धंच असतं, एवढं ॲरिस्टॉटल त्याला देतो. पण उरलेलं अर्धं वादाने येत नाही, सरावाने येतं.

लहानपणी वळण लागलं नाही तर सगळं संपलं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज बहुतेकदा हळू असतो. ॲरिस्टॉटल इथे कठोर आहे. लहानपणापासूनच्या सवयींनी थोडाथोडका नाही, सगळाच फरक पडतो, असं तो म्हणतो. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही. तरीही त्याच ग्रंथात तो मोठ्यांसाठी एक व्यवहारी सल्ला देतो : आपला कल कुठे आहे ते ओळखा आणि स्वतःला उलट बाजूला ओढा, जसं वाकडं लाकूड सरळ करताना करतात. चिकट माणसाने थोडं उधळं व्हायचा सराव करावा, म्हणजे तो मधे येईल.

यापेक्षा धीर देणारा मला स्टोइक एपिक्टेटस वाटतो. तो जन्माने गुलाम होता, पुढे मुक्त होऊन शिक्षक झाला. रागीट माणसाला तो दिवस मोजायला सांगतो. आधी रोज राग यायचा, मग दिवसाआड, मग दोन दिवसांनी, मग तिनांनी. तीस दिवस रागाविना गेले तर देवाला नैवेद्य दाखव. सवय खाऊ घातल्याने वाढते, म्हणून तिला उपाशी ठेवायचं.

स्टोइक लोक भावना मारायला सांगतात का?

त्यांना दगड व्हायचं नव्हतं. आनंद, सावधपणा आणि चांगल्याची इच्छा या भावना त्यांच्या ज्ञानी माणसालाही असतात. त्यांच्यातला क्रिसिप्पस मात्र प्लेटोचे तीन भाग मोडून काढतो. मन एकच आहे आणि विकार म्हणजे त्या मनानेच केलेला चुकीचा निवाडा. चालणारा माणूस हवं तिथे थांबतो, धावणाऱ्याचे पाय थांबायचं म्हटलं तरी पुढे जातात. विकार हा असा धावता निवाडा. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो याने सुखाची व्याख्या 'जीवनाचा सुरळीत प्रवाह' अशी केली. लिओन्टियसचा प्रसंग मात्र मला प्लेटोच्या बाजूला ठेवतो.

हे सगळं पुरुषांपुरतंच होतं ना?

बऱ्याच अंशी हो, आणि ते झाकून ठेवू नये. ॲरिस्टॉटल 'राज्यशास्त्रा'त म्हणतो की गुलामाला विचार करण्याची शक्तीच नसते आणि स्त्रीला असते पण तिचा अधिकार चालत नाही. ज्या माणसाने सवयीने घडणं इतकं ओळखलं, त्याला गुलामाचं 'असणं' हे गुलामीनेच घडवलेलं दिसू नये, याचं मला अजून वाईट वाटतं. प्लेटो 'रिपब्लिक'च्या पाचव्या भागात स्त्रियांना राज्यकर्त्यांमध्ये स्थान देतो. एपिक्टेटसचा गुरू म्युसोनियस रूफस मुलींनाही तत्त्वज्ञान शिकवावं असं सांगतो. आणि एपिक्टेटस स्वतःच ॲरिस्टॉटलच्या त्या वाक्याला जिवंत उत्तर आहे.

शीलवान माणूस सुखी होतो का?

होतोच अशी हमी ॲरिस्टॉटल देत नाही. आजार, दारिद्र्य, मुलांचा मृत्यू यांचा फटका बसतो हे तो मान्य करतो. पण 'नीतिशास्त्रा'च्या नवव्या भागात तो एक गोष्ट सांगतो. चांगल्या माणसाला स्वतःच्या सोबतीत वेळ घालवायला आवडतं, कारण त्याच्या आठवणी त्याला बोचत नाहीत. ज्याच्या मनाचे तुकडे एकमेकांना ओढतात तो मात्र दिवसभर कुणाची तरी संगत शोधतो, कारण एकटा पडला की नको ते आठवतं.

सुरुवात कुठून करू?

'रिपब्लिक' पहिल्या पानापासून वाचायला घेऊन अनेकजण थकतात. दुसऱ्या भागातली अंगठीची गोष्ट वाचा, मग थेट चौथ्याचा उत्तरार्ध. तिथून 'नीतिशास्त्रा'चा दुसरा भाग, मग सातव्याची सुरुवात. आधी लिओन्टियसचं ते अर्धं पान मोठ्याने वाचा, शक्य असेल तर कुणाबरोबर, आणि मग एकमेकांना विचारा : ओरडलं कोण?